गुलाबकाकाजींच्या गाण्यांचा मतलब

गुलाबकाकाजींना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, आणि इंग्रजी गाणं लागल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. दुपारी आमच्या गल्लीत घरोघरी ताटं मांडली जात असतात, तेवढ्यात त्यांच्या खिडकीतून गिटार खणखणते आणि कुणीतरी गोरा गडी जिवाच्या आकांतानं ओरडू लागतो. मग बाया एकमेकींना सांगतात, "बसले काकाजी जेवाले."

गाणं कुठलंही चालत नाही. ते जुनंच लागतं, माझ्या जन्माच्या आधीचं, आणि लहान काळ्या तबकडीवरचं. तबकडीला ते तवा म्हणतात. एका बाजूला एकच गाणं असलेली ही लहान तबकडी म्हणजे 'सिंगल तवा'. मी एकदा त्यातलंच एक गाणं फोनवर शोधून ऐकवलं, तर तोंड वाकडं करून म्हणाले, "याच्यात खरखर कुठं हाय? खरखर नाही तं गानं कायचं? पुसून ठेवलेलं ताट दाखवून राह्यली तू मले."

पांढुर्ण्यात त्यांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. एका लग्नसराईच्या तोंडावर ते नागपूरला गेले आणि जुन्या बाजारातून लग्नातल्या गाण्यांच्या तव्यांचा एक गठ्ठा घेऊन आले. घरी येऊन सुतळी सोडली, तर वरचे दोन तवे सोडून खाली सगळं इंग्रजी! काकाजी कपाळाला हात लावून बसले. मंदाकाकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "आनलेच हाय तं लावून तं पाहा. तवे का तुमाले चावतात?"

तिथून पांढुर्ण्याच्या पंगतींना इंग्रजी संगीत सुरू झालं. वरात निघाली की नेहमीची गाणी. पण पत्रावळी पडल्या आणि वरण-भात आला की काकाजी हळूच सिंगल तवा चढवायचे. त्यांच्या मशीनचा वेगाचा खटका बिघडलेला होता, त्यामुळे सगळी गाणी संथ वाजत. एक बाई तर कितीतरी वर्षं पुरुषाच्या आवाजात गायली. पुढे खटका दुरुस्त झाला आणि बाईचा आवाज बाईसारखा यायला लागला, तेव्हा लोकच तक्रार घेऊन आले, "काकाजी, तो पयलेचा मानूसच बरा होता."

सावरगावच्या एका तेरवीला तर कमाल झाली. घरच्यांनी भजन लावायला सांगितलं होतं. भजनाचा तवा नदी ओलांडताना फुटला. काकाजींनी त्यातल्या त्यात सर्वांत संथ इंग्रजी गाणं लावलं. गेलेल्या माणसाचा थोरला भाऊ डोळे मिटून ऐकत राहिला आणि शेवटी उपरणं डोळ्यांना लावून म्हणाला, "शब्द नाही समजले, पन लागलं बावा काळजाले." ते गाणं समुद्रावर पोहायला जाण्याचं होतं, हे मला पुढे कळलं.

कळायचं कारण असं, की मी सौंसरच्या शाळेत इंग्रजी शिकवते. काकाजींच्या समोरच आमचं घर. लहानपणापासून ही गाणी कानावर पडलेली, आणि त्यांना गल्लीत काकाजींनी ठेवलेली नावं होती. एक 'बैलजोडीचं', एक 'जावयाचं', एक 'वांग्याच्या भाजीचं'. बी.ए. होऊन आल्यावर मला पहिल्यांदा त्यांचे शब्द समजले. मी मोठ्या उत्साहानं सांगायला गेले, "काकाजी, यात बैल नाहीतच. तो एका मुलीला नाचायला चल म्हणतोय."

काकाजींनी कानांवर हात ठेवले. "मतलब नको सांगू, पोरी! तुले हात जोडतो. मतलब नको सांगू."

"अहो, पण बैल..."

"त्याचे बैल हरवले हाय! ऐक, कसा हाका मारून राह्यला तो. नाचाले बोलावनारा मानूस असा बोंबलते का?"

मंदाकाकू चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती. मला तेव्हा वाटलं, हा काकाजींचा हट्टीपणा. पुढे गावात डीजे आले, लाउडस्पीकर पडून राहिले, पांढुर्णा जिल्हा झाला, पण मतलबाची बंदी उठली नाही.

मंदाकाकूला जाऊन आता दोन पावसाळे झाले. घरात तिसरं कुणी नव्हतंच. भाच्यानं रामाकोन्याला आपल्या घरी चला म्हणून खूप आग्रह केला, काकाजी म्हणाले, "तवे नेताना फुटतीन." गाणी दुपारची तशीच वाजतात. फक्त एक ताट असतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला खिडकीतून हाक मारली. गेले तर मशीनवर एक तवा चढवून बसलेले.

"हा कोणता, काकाजी? कधी ऐकला नाही."

"नागपूरच्या बाजारातून आनला होता. ती दवाखान्यात होती तेव्हा. म्हटलं, घरी आली का लावू." तव्यावरची धूळ फुंकत म्हणाले, "लावलाच नाही आजवरी. ह्याचा मतलब नाही ना माह्याजवळ."

मग त्यांनीच सांगितलं. बैल, जावई, वांग्याची भाजी, सगळे मतलब मंदाकाकूचे होते. धंद्यावरून काकाजी थकून यायचे, ती जेवायला वाढायची, तवा लागायचा आणि वाढता वाढता ती गाण्यात काय चाललंय ते सांगायची. एकाच गाण्याची गोष्ट रोज थोडी पुढे सरकायची. बैल कधी जाम नदीवर दिसायचे, कधी कोंडवाड्यात सापडायचे. जावई रुसून स्टेशनवर जाऊन बसायचा.

"काकूला इंग्रजी येत होतं?" मी विचारलं.

"सातवी शिकली होती. तिले काय इंग्रजी येईन?" काकाजी हसले. "मी का येडा हाव? मले समजत नव्हतं का, हे सारं बनवून सांगून राह्यली म्हनून? पन मी खोदून खोदून पुसो, 'मंग? मंग काय झालं?' अन् ती सांगे. धा वर्षं झाले तरी बैल घरी नाही आले. मीच येऊ देत नव्हतो."

मग त्यांनी सुई ठेवली. खरखर झाली आणि गाणं सुरू झालं. टाळ्या, ढोल, तीन-चार पोरांचे एकत्र आवाज. मला पहिल्याच कडव्यात कळलं. शनिवारी संध्याकाळी मजा करायला गावात जाण्याचं गाणं, बाकी काही नाही.

"सांग," काकाजी म्हणाले. "काय म्हनून राह्यले ते?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला मतलब विचारला होता. मी खरं सांगितलं नाही. म्हटलं, "संत्र्याच्या बागेला बहार आलाय. सगळी पोरं बागेत जमलीयत. वारा सुटलाय, सुगंध दरवळतोय..."

काकाजींनी मान हलवली. "नाही जमलं. तू पुस्तकातलं बोलून राह्यली. ती असं नव्हती बोलत."

गाणं संपलं. त्यांनी ते पुन्हा लावलं आणि यावेळी मशीनकडे न बघता दाराकडे बघत बसले. कडवं संपायला आलं तेव्हा म्हणाले,

"तो मानूस घरी आला हाय. दार उघडंच हाय, भाकरी टोपल्यात झाकून हाय, अन् बाई दिसत नाही. पोरं हासून राह्यले त्याले. तो म्हनते, हासू नका रे. ती शेजारी विरजन मागाले गेली हाय. बोलत बसली असन कोनाशी. तिले उठवतच नाही एकदा बोलत बसली का." त्यांचा आवाज जरा खाली आला. "तो म्हनते, बसू दे. मले काही घाई नाही."

टाळ्या वाजत होत्या, पोरं गात होती. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं.

"तू इंग्रजीची मास्तरीन. बराबर हाय का?"

"बरोबर आहे, काकाजी," मी म्हटलं. "मंग? मंग काय झालं?"