पियानोचे लहान लहान तुकडे

दारव्ह्याच्या मुलींच्या शाळेत एक पियानो होता. तो राहणार की जाणार या काळजीनं मुख्याध्यापक वामनराव आठवडाभर एका जागी बसले नव्हते. कापसाच्या जिनिंग कारखान्याचा गोरा मॅनेजर मायदेशी जाताना तो शाळेला देऊन गेला होता. आता उमरखेडच्या शाळेनं त्याच्यावर हक्क सांगितला होता, आणि खात्याचे साहेब शनिवारी ट्रक घेऊनच येणार होते. मुलींनी वाजवून दाखवलं तर पियानो इथं, नाहीतर ट्रकात.

मुलींना शिकवत कौसल्याबाई. त्या दर शनिवारी यवतमाळहून एसटीनं येत. त्यांनी शाळेच्या कपाटात शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका जर्मन संगीतकाराचं पुस्तक ठेवलं होतं. त्यानं मुलांच्या जगातल्या गोष्टींवर छोट्या छोट्या रचना केल्या होत्या. एक रुसलेल्या पोरीची, एक जत्रेतून परत येण्याची, एक झोप न येणाऱ्या मुलाची. बशीतला चहा निवेपर्यंत रचना संपलेली असे. बाई तिला ‘पीस’ म्हणत. पण नवं राज्य झाल्यापासून वामनरावांनी शाळेत इंग्रजी शब्दांना बंदी केली होती. बेंचाचं बाक झालं, पिरियडचा तास झाला. मग बाईही मुकाट्यानं पीसला ‘तुकडा’ म्हणू लागल्या. मुलींना ते ठाऊक होतं. वामनरावांना नव्हतं, कारण संगीताच्या तासाला ते मैदानापलीकडच्या लिंबाखाली जाऊन बसत.

गुरुवारी कंडक्टर फुलसिंगनं एसटीच्या दारातूनच निरोप दिला.

“गुरुजी, कौसल्याबाईनं सांगतलं, पियानोचे लहान लहान तुकडे काढून ठेवा. शनवारी येऊन मी बसवीन म्हने.”

“तुकडे?”

“लहान लहान. दोनदा सांगतलं.”

आणखी काही विचारायच्या आत गाडी सुटली. वामनरावांनी वऱ्हांड्यात येरझाऱ्या घातल्या. पावसाळ्यापासून पियानोच्या पट्ट्या अडकत होत्या हे खरं. साहेब येण्याआधी बाईंना तो आतून साफ करून पुन्हा बसवायचा असेल. पटण्यासारखं होतं. पटलं, तसे ते मन्सूर मिस्त्रीकडे निघाले.

मन्सूर शिलाई मशिनी आणि जिनिंगची यंत्रं दुरुस्त करी. त्याची मुलगी जमिला पियानोवर सगळ्यांत पुढे होती. त्यानं पियानोभोवती दोन फेऱ्या मारल्या.

“कायले खोलता गुरुजी? चालू हाये ना.”

“बाईंनी सांगितलंय. त्या येऊन बसवणार.”

“बाई सोता बसवनार?” मन्सूरला बाईंबद्दल एकदम आदर वाटला, आणि त्यानं पान्हा काढला.

पोळ्याची सुट्टी असल्यानं शाळेत मुली नव्हत्या. जमिला घरी फळीवर खडूनं पट्ट्या आखून बोटं फिरवत बसली होती. तिला बापानं काही सांगितलं नाही. बाईंच्या बरोबरीनं आपण काम करतो आहोत, हे त्याला तिला एकदमच दाखवायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी वऱ्हांड्यातल्या सतरंज्यांवर पट्ट्या, हातोड्या, स्प्रिंगा आणि उंदराचं एक रिकामं घरटं ओळीनं मांडलेलं होतं.

शनिवारी बाई उतरल्या त्या घाईतच. मागून ट्रकची धूळ दिसत होती.

“गुरुजी, तुकडे काढून ठेवलेत ना?”

“ठेवले. एकही मोठा ठेवला नाही.”

“छान. बसवायला वेळ थोडाच आहे.”

“मिस्त्री मदतीला आहे.”

मिस्त्री कशाला, असं विचारत बाई वऱ्हांड्यात आल्या आणि तिथंच पायरीवर बसल्या. त्यांनी सतरंजीवरची एक हातोडी उचलून हातात घेतली.

“गुरुजी,” त्या हळूच म्हणाल्या, “तुकडे म्हणजे पीस.”

“मग? पीसच तर केलेत.”

बाईंनी कपाटातून पुस्तक काढून त्यातल्या छोट्या रचना त्यांच्यापुढे धरल्या. तेवढ्यात साहेब आत आले. त्यांनी सतरंज्या नीट पाहिल्या.

“यातला पियानो कोणता?”

जमिला फळी छातीशी धरून उभी होती. साहेबांनी पोती आणायला सांगितली, आणि मग थांबून मन्सूरला विचारलं, “उमरखेडला येऊन हे जोडशील?”

“जोडतो साहेब, पन इथंच. इथून उचलल्यावर कोन कोनाच्या शेजारी होतं, हे मले याद राह्यनार नाई.”

साहेबांच्या डोळ्यांपुढे उमरखेडची शाळा आली, आणि तिच्या दारात चार पोती घेऊन उभे असलेले आपण. त्यांनी चहाही घेतला नाही. ट्रक रिकामा परत गेला.

पियानो पुन्हा उभा राहिला तेव्हा मूठभर स्क्रू उरले. ते मन्सूरनं गुपचूप खिशात घातले. जमिलानं झोप न येणाऱ्या मुलाचा तुकडा वाजवला. त्यातली एक पट्टी मुकीच राहिली होती. तिथं मूल कूस बदलतं, असं बाईंनी सांगितलं. वामनराव पहिल्यांदाच लिंबाखाली न जाता समोर बसून होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका शब्दापुरती बंदी उठवली. पीसला पीसच म्हणायचं.

पुढच्या गुरुवारी यवतमाळला परतणारी एसटी थांबली.

“गुरुजी, बाईनं सांगतलं, दोन पीस काढून ठेवा.” फुलसिंगनं डोकं खाजवलं. “कोंबडीचे का बिलाऊजचे, ते काई बोलल्या नाई.”

वामनरावांना अर्थ पक्का ठाऊक होता. तरी ते गाडीत चढले आणि खिडकीपाशी बसले.

“यवतमाळ,” ते म्हणाले. “एक.”