काळकेतूपुढे न वाकणारे हवालदार

तातोबा हवालदारांच्या गोष्टीत देवाला प्रवेशबंदी होती. गोष्ट सांगायचे मात्र मारुतीच्याच देवळात. बिचारा मारुती अंगभर शेंदूर घेऊन निमूट ऐकायचा.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर हवालदार पेन्शन घेऊन कुंडलला परतले आणि माझ्या शेजारच्या घरात एकटेच राहू लागले. मी तिथल्या शाळेत मास्तर. संध्याकाळी देवळात माणसं जमली की हवालदार आपला राक्षस बाहेर काढत.

राक्षसाचं नाव काळकेतू. त्यानं सूर्य खिशात घातलेला, सगळे देव गोठ्यात बांधलेले, आणि मरण त्याला ठाऊकच नाही. असल्या महाभागासमोर उभा कोण, तर सिदू नावाचा मेंढपाळ. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. काळकेतू म्हणायचा, "वाक, न्हाईतर भसम करीन."

सिदू म्हणायचा, "कर की. भसम करनं तुझ्या हातात हाय. वाकायचं का न्हाई, ते माझ्या."

इथं हवालदार विडी पेटवत आणि गोष्ट संपे.

"आवं, पर राक्षस मेला का न्हाई?" आमच्या समोरच्या घरातला गणपत दर खेपेला विचारी.

"न्हाई."

"आन् सिदू?"

"त्येचं काय झालं आसंल ते आसंल. वाकला न्हाई, येवढं नक्की."

मी शिकलेला असल्यामुळे सल्ला देणं भागच होतं. म्हटलं, "शेवटी एखादा देव आणा की. लोकांना बरं वाटेल."

"मास्तर, देवानंच मारायचा, तर सिदूला हितं कशाला उभा केला?"

मी घाईनं हवापाण्यावर आलो.

'मर्जी' हा शब्द तर त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. गुरव एकदा म्हणाला, देवाची मर्जी, नैवेद्याचं दूध नासलं. हवालदारांनी शांतपणे विचारलं, "आन् भांडं न घासायची मर्जी कुनाची?" गुरव महिनाभर त्यांना तीर्थ देईना.

त्या श्रावणात गणपतची चिमी आजारी पडली. घसा सुजला, श्वास घरघरू लागला. भगतानं अंगारा फासला आणि निकाल दिला, "देवीचा कोप हाय. पोरीला घराभाईर काढू नगा. तिच्या मर्जीम्होरं कुनाचं चालतंय?" घरभर माना खाली गेल्या. माझीही गेली, एवढी शिकलेली मान, पण गेली.

हवालदार दारात उभे होते. "गणपत, गाडी जुप. मिरजंला दवाखान्यात न्यायची."

"आन् देवी कोपली तर?"

"माझ्यावर कोपू दे. घर दाव तिला माझं."

भगत म्हणाला, "हवालदार, वाटोळं हुईल तुमचं."

"हुईना," म्हणत त्यांनी चिमीला घोंगड्यात गुंडाळून उचललं. गणपतनं भगताकडं पाहिलं, चिमीकडं पाहिलं, आणि बैल सोडायला गेला.

गाडी, मग रेल्वे, मग मिरज. डॉक्टरांनी घटसर्प म्हणून सांगितलं आणि सुई टोचली. पोर जगली.

ती घरी आल्यावर तिच्या आईनं ओढ्यापलीकडच्या देवळात जाऊन देवीची ओटी भरली. "देवीनंच वाचवली," ती सगळ्यांना सांगत होती. प्रसादाला भगत सगळ्यांच्या पुढं. आता हवालदार काय बोलतात ते ऐकायला मी मुद्दाम गेलो होतो.

हवालदार म्हणाले, "व्हय, तिनंच वाचवली." आणि त्या माउलीच्या हातचा नारळ घेऊन स्वतः फोडला.

माझी घोर निराशा झाली. परतताना म्हटलं, "काय हवालदार, वाकलात?"

"आई हाय ती. तिच्याशी काय भांडायचं?"

ओढा ओलांडल्यावर म्हणाले, "माझी पोरगी बी आशीच गेली. घसाच. मी तवा आफ्रिकेत, बंदूक घिऊन. कारभारीन त्याच्या आदीच गेल्याली. देवीची मर्जी म्हनून समदी अंगारा लावून बसली. घर भरल्यालं हुतं म्हनं, मास्तर. पर नको म्हनायला त्यात एक बी मानूस न्हवता."

आम्ही घराकडं आलो. गणपतच्या ओसरीवर चिमी झोपली होती. हवालदार तिच्या उशाशी टेकले आणि तिचा श्वास ऐकत बसून राहिले.