फटीतला न मिटणारा डोळा

डोळा पहिल्यांदा दिसला तो बुधवारी सकाळी, शेजारच्या कुंपणाच्या तिसऱ्या फटीत. लालसर, ओलसर आणि अगदी जवळ. मास्तरांनी मनातल्या मनात वीस आकडे मोजले. डोळा मिटला नाही.

ते मागे सरकले ते थेट स्वयंपाकघराच्या दारात.

"शेजारच्या बाई बघतात," ते बायकोला म्हणाले. ‘ब’ ओठांतून नुसता हवा होऊन निघाला.

बागेत लपवण्यासारखं मास्तरांकडे एकच होतं, त्यांचं तोंड. महिन्यापूर्वी चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळालं आणि चेहऱ्याचा डावा अर्धा भाग संपावर गेल्याचं कळलं. गाल उतरला, डोळा मिटेना. प, फ, ब, भ, म ही मंडळी ओठांत थांबेनात. डॉक्टर म्हणाले, नसेला सूज आहे, ओसरेल. पण व्यायाम चुकवू नका. कपाळ चढवा, गाल फुगवा, दात दाखवा, जीभ काढा. रोज वीस मिनिटं, आरशासमोर. मास्तरांनी सगळं मान डोलावून ऐकलं आणि घरी येऊन न्हाणीघरातल्या आरशावर टॉवेल टाकला. ते तोंड त्यांना बघवत नव्हतं. व्यायाम मागच्या बागेत, झाडांसमोर. झाडं हसत नाहीत.

रजेचे बारा दिवस उरले होते. पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारी सातवीच्या वर्गासमोर उभं राहायचं होतं, आणि सातवीची पोरं झाडं नव्हती.

"अहो, कुंपण त्यांचं. फळ्या उन्हानं आक्रसल्यात. जाऊन सांगा की दुरुस्त करा म्हणून."

"या तोंडानं?"

मग मास्तरांनी फटी स्वतःच बुजवायला घेतल्या. वर्तमानपत्राचे बोळे केले, पण ते फटीत ठरेनात. आत बोटाला काहीतरी गार आणि गुळगुळीत लागायचं आणि बोळा बाहेर पडायचा. एक पेन्सिल आत सरकवून पाहिली. पलीकडूनही एक पेन्सिल आली. टोकाला टोक भिडलं. टक्.

त्या दिवशी मास्तर दुपारचं जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लांबून निरीक्षण केलं. फटीतून शेजारची बाग दिसत होती आणि तिच्यात एक पिवळी बादली होती, आपल्यासारखीच. मास्तरांनी आपली बादली उचलून घरात नेली. परत येऊन पाहिलं, तर तिथलीही गेली होती.

"मी जे करतो ते त्या करतात," ते कुजबुजले.

"बादली आत नेण्यात नक्कल करण्यासारखं काय आहे?"

"मशीन ऐक. दिवसभर कपडे शिवतात ना त्या? मी तोंड वाकडं केलं की मशीन थांबतं. बरोबर वीस मिनिटं. मी थांबलो की सुरू."

बायकोने कान दिला. पलीकडे मशीन खडखडत होतं. मास्तरांनी जीभ बाहेर काढली. खडखड थांबली. बागेत एवढी शांतता पसरली की नळाचे थेंब मोजता आले असते. बायकोच्या हातावर काटा आला. पण कुणाला दिसू नये म्हणून तिने तो पदराखाली झाकला.

"थांबा, मीच बघते." चष्मा सावरून ती तिसऱ्या फटीशी वाकली आणि लगेच ताठ झाली. "अहो, हा तर बाईमाणसाचा डोळा. चष्मा आहे. आणि चांगला मिटतोय."

"म्हणजे दोघं आहेत!"

"बाई तर एकट्या राहतात."

मास्तर आणखी एक पाऊल मागे सरकले.

"पण मिटत नाही म्हणून एवढं काय घाबरायचं?" बायको म्हणाली. "तुमचाही नाही मिटत. रोज झोपताना चिकटपट्टी मीच लावते ना?"

"चेष्टा करू नकोस."

मास्तरांनी बायकोची ठेवणीतली चादर दोरीवर टांगली. ती वाऱ्याने फुगायची आणि बसायची, पलीकडे कुणी सावकाश श्वास घेत असावं तशी. संध्याकाळी चादर त्यांनीच काढली. मग एकेक फट तपासली. एका डोळ्याने बघायचं तर दुसरा मिटावा लागतो, आणि त्यांना उजवाच मिटता येत होता. म्हणून बघायचं ते डाव्यानेच. प्रत्येक फटीत डोळा होता. फक्त नळाजवळची शेवटची फट रिकामी होती. तिच्यातून शिवणाच्या मशीनचं चाक आणि भिंत तेवढी दिसली.

तीच जागा सुरक्षित, असं ठरवून मास्तर रोज त्या फटीसमोर उभे राहून व्यायाम करू लागले. भीतीने एक झालं, वीस मिनिटांची चाळीस झाली. घरात बसलं तर ती नजर भिंतीतून येईल असं वाटायचं. बागेत निदान ती कुठे आहे ते ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी मात्र त्यांनी धीर केला. परवा शाळा. आज निकाल लावायचाच. तिसऱ्या फटीला डोळा लावून ते म्हणाले, "कोण आहे?"

समोरची पापणी थरथरली. मग हळूहळू खाली येऊ लागली. अर्धी आली. आणखी आली. आणि सगळा काळोख झाला.

"बाप रे! मेलो! बघ, बघ, मिटला!"

बायको धावत आली ती चिमटा हातात घेऊनच. पण कुंपणाकडे न बघता ती मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

"बाप रे म्हणालो. मिटला तो!"

"ब म्हणालात. प म्हणालात. मेलो म्हणालात!"

तेवढ्यात कुंपणावरून एक डोकं वर आलं. गळ्यात मोजपट्टी, तोंडात टाचणी. शिवणवाल्या बाई स्टुलावर चढल्या होत्या. त्यांनी टाचणी काढली.

"लागलं का मास्तर कुठे? काचेची कड वगैरे?"

"काच?"

"आरसा हो. माझा मापं घ्यायचा आरसा फुटला, त्याच्या पट्ट्या फटींमागे ठोकल्यात. रागावू नका, पण आधी वाटलं, तुम्ही मला वेडावता. म्हटलं, वेडावायचं तर स्वतःलाच वेडावा."

तीस वर्षं सातवीला प्रकाशाचं परावर्तन शिकवलेल्या मास्तरांनी कुंपणाला हात टेकला.

"मग लक्षात आलं. माझ्या भावालाही हेच झालं होतं. त्यालाही आरसा समोर ठेवायला सांगितलेलं, म्हणून पट्ट्या काढल्या नाहीत. तुमचा गाल मंगळवारी फुगला. कपाळ गुरुवारी चढलं."

"तुम्हाला कसं कळलं?" बायकोने विचारलं.

"नळाजवळच्या फटीला काच पुरली नाही ना. मास्तर रोज तिथेच तर उभे राहायचे. मी मशीन थांबवून बघायचे."

"मग इतके दिवस एका शब्दानं बोलला नाहीत?"

"कसं बोलणार? त्यांनी बोळे कोंबले, चादर लावली. म्हटलं, माणसाला एकांत हवाय. मध्ये कशाला बोला."

मास्तर हसले. बायकोने ते हसू आधी उजवीकडून पाहिलं, मग डावीकडून, आणि ती न्हाणीघरातल्या आरशावरचा टॉवेल काढायला आत गेली.