आधी वरवंटा

माऊलीची बायको शीतल पहिल्या बाळंतपणाला माहेरी, तीर्थपुरीला होती. लेकीचं बारसं तिथेच ठरलं, आणि माऊलीने एक छोटासा निर्णय घेतला. पाळणा टांगायची कडी स्लॅबला आपण स्वतः बसवायची! खरं तर लोखंडी स्टँड तयार होता. सासूबाईंनी, म्हणजे सगुणाबाईंनी, तो घासूनपुसूनही ठेवला होता. पण माऊली जालन्याच्या सळईच्या कारखान्यात बिलं करायचा, त्यामुळे सासुरवाडीत त्याला लोखंडातला माणूस म्हणून भाव होता. (कारखान्यात तो माऊसपेक्षा जड काही उचलत नसे, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.)

जालन्यातल्या मस्तगडच्या दुकानातून त्याने कडीवाला काँक्रीट स्क्रू घेतला. "भोक स्क्रूपेक्षा बारीकच पाडा, मंग तो बराबर पकडतो," असं सांगून दुकानदार शिवनारायणशेठनी ड्रिल मशीनचा मापाचा बिटही दिला. माऊलीने 'आम्हाला शिकवता का' अशी मान हलवली.

बारशाच्या सकाळी तो स्टुलावर चढला. मशीन घुर्रर करत आत गेलं आणि कर्रर्र करून अडलं. सळई लागली होती. जरा सरकून दुसरं भोक पाडलं, तर तिथेही सळई.

"तुमीच सस्त्यात देल्ती ना जावईबापू," सासरे रामकिसन खालून कौतुकाने म्हणाले. "म्या मंग हात आखडलाच न्हाई!"

तिसऱ्या भोकाला बिटाची धारच गेली. माऊलीने शेजाऱ्याचा जाड बिट आणून लावला. (किती जाड, हे त्याने मुद्दामच पाहिलं नाही.) हा मात्र सर्रकन आत गेला, आणि मागोमाग स्क्रूही गेला, नुसत्या बोटांनी.

"नुसता फिरून राह्यला तो," रामकिसन म्हणाले. "पकडून न्हाई राह्यला."

"त्याला बसायला टाईम लागतो, मामा."

माऊलीने भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबल्या, वरून पांढरं सिमेंट लिंपलं. शीतल दारातून बघत होती.

"अहो, स्टँड आणू का? तिथं माझं लेकरू निजणारय, तुमची इज्जत न्हाई."

"बिलकुल काळजी करू नको," माऊली म्हणाला. खरं तर 'आण स्टँड' असं अगदी त्याच्या ओठावर आलं होतं, तेवढ्यात सासरे पाहुण्यांना वर बोट दाखवून सांगायला लागले, "जावयाचं काम!"

दुपारी बायका जमल्या. गल्लीतली सगळी बारशी जिच्या हातून व्हायची, ती साळूबाई पाळण्याशी बसली. रीतीप्रमाणे तिने आधी वरवंट्याला टोपडं घातलं, काजळ लावलं आणि त्याला पाळण्यात निजवलं. माऊलीने जन्मात पहिल्यांदा एखाद्या दगडाकडे बापाच्या काळजीने पाहिलं. पहिला झोका बरा गेला. दुसऱ्याला वरून दोन काड्या पडल्या. तिसऱ्याला कडी सुटली, पाळणा धाडकन आडवा झाला आणि टोपडं घातलेला वरवंटा थेट घुगऱ्यांच्या पातेल्यात गेला.

घरभर हरभरे झाले. बाळ शीतलच्या मांडीवर गाढ झोपलेलं होतं. ते बघून माऊलीचा जीव भांड्यात पडला. मग सगळे आपल्याकडे बघतायत हे त्याच्या लक्षात आलं.

पाळण्याची फळीच फुटली होती, आणि स्टँड इतका बुटका की त्याला झोळी बांधली तर ती जमिनीला टेकली असती. सगुणाबाईंनी लुगड्याची झोळी केली आणि एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं. दुसरं बांधायला जागाच नव्हती.

"द्या इकडं, मी धरतो." माऊलीने ते टोक दोन्ही मनगटांना गुंडाळलं आणि पाय रोवून उभा राहिला. लेकीसाठी तो तसा कितीही वेळ उभा राहिला असता, आणि हे मात्र अगदी खरं होतं. शीतल बाळाला घेऊन पुढे आली.

"थांब," साळूबाई म्हणाली.

तिने पातेल्यातून वरवंटा काढला, टोपड्यावरचे हरभरे झटकले आणि तो झोळीत ठेवून झोका दिला. खिडकीच्या गजाकडे तिने पाहिलंही नाही. माऊलीच्या मनगटांकडे बारकाईने बघत तिने आणखी एक झोका दिला.

"हा बी हालून राह्यला," ती म्हणाली. "आन याला काड्या कोंबून भागायचं न्हाई. रामकिसन, तू मागून धर याला. मंग ठिवा लेकरू."