नारायणअप्पा आणि ‘रांगेत या’

आमच्या दूध सोसायटीचे सचिव नारायणअप्पा भोंग्याशिवाय बोलतच नसत. भोंगा होता सभासदांना दूध घालायला बोलवण्यासाठी. पण अप्पांनी त्याला घरचाच करून टाकला होता.

"ऐका, ऐका. काल कीर्तनातून माझी डावी चप्पल गेली हाय. उजवी माझ्याकडंच हाय. नेणाऱ्याला तिचा काही उपयोग न्हाई, याची नोंद घ्यावी."

‘नोंद घ्यावी’ म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य संपायचं नाही. एकदा भोंग्यावरून गावाला सांगितलं, "आज आमच्या घरी भाजी करपली हाय. जेवायला कुणी येऊ नये." तसंही कुणी येत नव्हतं. बायको वारल्यापासून ते एकटेच रांधून खायचे.

मी त्यांच्या शेजारच्या खोलीत दुधाची फॅट तपासायचो. नांदूरघाटाजवळचं आमचं गाव. एका वर्षी दुष्काळ पडला, जनावरं चारा छावणीला गेली आणि माझ्यापुढं तपासायला दूधच उरलं नाही. अप्पांचं काम मात्र वाढलं. पाण्याचा टँकर वेशीत दिसला की भोंगा सुरू.

"ऐका, ऐका. टँकर आला हाय. रांगेत या. घागरी आदळू नका. याची नोंद घ्यावी."

त्यांची एकुलती एक मुलगी मनीषा पुण्यात इंजिनिअरिंगला होती. तिसऱ्या वर्षाला तिनं कॉलेज सोडलं आणि चौघांना घेऊन रॉक बँड काढला. ही बातमी आली त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. संध्याकाळी दुधाच्या वेळेला त्यांनी भोंगा लावला.

"ऐका, ऐका. मनीषा ही आजपासून माझी कुणी न्हाई. याची नोंद घ्यावी."

अख्ख्या गावानं ऐकलं. गावातून कुणीतरी ते तिलाही कळवलं. पुढं दोन वर्षं बाप-लेकीत एक फोन झाला नाही.

मग एकदा मी कामासाठी बीडला गेलतो. स्टँडवरून रिक्षात बसलो, तर रिक्षावाल्यानं गाणं लावलेलं. गिटारीचा खणखणाट, ड्रमची आदळआपट आणि त्यावर एक पोरगी बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "ऐका, ऐका! टँकर आला हाय! रांगेत या!"

मी दचकून विचारलं, "हे कुणाचं गाणं रे?"

"तुमी ऐकलं न्हाई? लई चाललंय. क्लासच्या पोरांच्या मोबाईलवर हेच हाय सगळीकडं. ‘कोरडवाहू’ नावाचा बँड हाय."

आवाज मनीषाचा होता. परत आल्यावर मी भीत भीत अप्पांना ते माझ्या मोबाईलवर ऐकवलं. ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं.

"पहिली दुरुस्ती. मी ‘घागरी आदळू नका’ म्हणतो. हिनं ‘डोकी आदळू नका’ केलंय. दुसरी दुरुस्ती. टँकर आपल्याकडं दुपारी येतो, ही सकाळी म्हणती. आन् बँडचं नाव का म्हणून असं ठेवलंय? ते सातबाऱ्यावर असतंय!"

"पण गाणं कसं वाटलं, अप्पा?"

"मंजूर न्हाई."

आठवड्यानं एका कागदावर सही घ्यायला मी दुपारी त्यांच्या घरी गेलो. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. हातात नवा मोबाईल. गाणं सुरू करायचे, लगेच बंद करायचे. पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

"पुढं जाऊ द्या की, अप्पा."

"थांब. हे ऐक."

त्यांनी मोबाईल माझ्या कानाला लावला. गिटार वाजायच्या आधी मनीषा श्वास घेते. त्या श्वासात बारीकशी शिट्टी होती.

"ऐकलंस? छातीतली हाय. दमा हाय तिला, बारकी होती तवापासून. लोकांना वाटत असंल वाजवण्यातलंच काहीतरी हाय. तिच्या आईला चुलीपाशी बसून कळायचं, पोरीची छाती वाजतीय म्हणून. मला मेलं कधी ऐकूच आलं न्हाई. आता येतंय."

"मग फोन करा तिला."

"कोणत्या तोंडानं? गावासमोर बोललोय मी."

मनीषाचा नंबर मी गावातून मिळवून ठेवला होता. माझ्या मोबाईलवरून तिला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. पलीकडून ती दोन-तीनदा "हॅलो, कोण?" म्हणाली. अप्पांनी तोंड भिंतीकडं वळवलं. मी हातभर अंतरावर होतो, तरी त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"मने, दम्याचा पंप जवळ ठेवती का गं?"



"संपलाय, अप्पा," ती म्हणाली. "आणते उद्या."

"उद्या नगं. आत्ता जा मेडिकलात. मी फोन धरून बसतो."

ती निघाली. पुण्यातल्या गाड्यांचे हॉर्न फोनमधून आमच्या खोलीत यायला लागले. अप्पा फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून बसले होते. सहीचा कागद मी घडी करून खिशात ठेवला.