दोनच्या जागी दहा

गुणाजी परबाच्या मते मालवण ते कुणकेश्वर या पट्ट्यात त्याच्या तोडीचा गुप्तहेर नव्हता. हे खरंच होतं, कारण दुसरा गुप्तहेरच नव्हता. एसटीत वाहतूक नियंत्रक असताना तो म्हणे चपलेवरची धूळ बघून माणूस कुठल्या गाडीने आला ते सांगायचा. एकदा असा ओळखलेला माणूस चालत आलेला निघाला. गुणाजी शांतपणे म्हणाला, "मगे गाडी चुकली असतली."

त्याने बरीच प्रकरणं हाताळली. देवळातली समई, भिकाजीची म्हैस. प्रत्येक वेळी घरी येऊन तो बायकोला, सुगंधाला, सगळा तपास ऐकवायचा. ती बांगडे साफ करता करता म्हणायची, "समई घासूक दिली असतली." आणि समई घासायलाच दिलेली असायची. सुगंधा गेल्यापासून गुणाजीच्या हातून एकही प्रकरण सुटलं नव्हतं. गावाने याचा अर्थ लावला होता. गुणाजीने लावायचा टाळला होता.

२०१० च्या हिवाळ्यात त्याची मुलगी रूपाली बंगळूरहून घरी आली. कंपनीने तिला घरून काम करायची परवानगी दिली होती, पण फक्त जमतंय का ते बघण्यापुरती. संगणक नेमका कुठे दमतो ते शोधणारं एक हत्यार ती बनवत होती. मोठ्या संगणकाच्या पोटात बारीक बारीक काउंटर असतात, तिकिटं मोजणाऱ्या कंडक्टरसारखे. हत्यार त्यांना ओळीत लावतं आणि कोणी किती मोजलं ते दाखवतं. गुणाजीने ते लगेच ओळखलं. हा आपलाच धंदा, म्हणाला.

मग बंगळूरला नवा, आणखी मोठा संगणक आला आणि हत्यार खोटं बोलू लागलं. दोन नंबरचा काउंटर रिकामा बसलेला, तरी आलेखात तोच घाम गाळताना दिसे. राबत होता दहा नंबर, आणि त्याच्या नावावर शून्य. साहेबाने कळवलं, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हे सुधारा, नाहीतर सोमवारपासून इथे येऊन बसा.

शुक्रवारी सकाळी रूपालीची भरून ठेवलेली प्रवासाची बॅगही नाहीशी झाली.

"त्या प्रकरणात घाई नको," गुणाजी म्हणाला. "चोर सराईत आसा. आधी तुझा ह्या नंबरांचा बघूया."

"बाबा, तुमी गप रवा. माका काम करूक देवा."

गप राहणं गुणाजीच्या पद्धतीत बसत नव्हतं. त्याने पहिला तर्क मांडला. आकडे बंगळूरहून तारेने येतात, म्हणजे वाटेत कणकवली लागणार. कणकवलीला सगळेच गाडी बदलतात. दोनची माणसं दहाच्या गाडीत बसली असणार.

"आकडे कणकवलीवरसून येणत नाय, बाबा."

"मगे तुझो साहेब. तू थंय परत गेलंस तर फायदो कोणाचो?"

तिसरा तर्क असा होता की दहा नंबरच दोनच्या जागी जाऊन बसला आहे. तो जवळजवळ खरा होता, म्हणून गुणाजीने तो ताबडतोब सोडून दिला.

इतक्यात कुंपणापलीकडची रोझा वाटीभर तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, सुकं घेऊन आली. शाळेतून निवृत्त झालेली बाई. सुगंधा गेल्यावर ती असंच काहीतरी झाकून आणायची आणि बोलताना मात्र काही झाकायची नाही.

"काय रे गुणाजी, तुझ्या चेडवाक कामाक लावलंस की तेच्या कामात आडवो पडलंस?"

"तपास चललो हा. रूपाली, ओळख परेड घे. सगळे काउंटर माज्यासमोर उभे कर."

रूपालीने वैतागून, बाप एकदाचा गप्प बसेल म्हणून, हत्याराच्या पोटातली रांग पडद्यावर आणली. आजवर ती नुसते आलेखच बघत होती. रांग अशी होती: मेमरी-०, मेमरी-१, मेमरी-१०, मेमरी-११, मग मेमरी-२, मेमरी-३.

गुणाजीने चष्मा पुसला. "गावलो. दहा नंबर मानकरी आसा. देवळात मानकऱ्याक पुढे घेतत, तसो घेतल्यानी."

"मानकरी कसलो," रोझा म्हणाली. "भावकी ती. तुमच्या पालखीक बघतंय मां मी रस्त्यावरसून. पयल्या घराची सगळी भावकी पुढे, काल चलूक शिकलेल्या पोरासकट. ती सरल्याशिवाय दुसऱ्या घराचो म्हातारो पुढे येवक शकता? तसोच ह्यो एक, हे दहा नि अकरा तेच्या घरातले. दोन रवलो मागे."

रूपालीने रांग पुन्हा वाचली. मग कपाळावर हात मारून घेतला.

रांग तिने नावांवरून लावायला सांगितली होती. यंत्राने प्रत्येक नंबराचा नुसता पहिला आकडा बघितला आणि एकाची भावकी एकत्र बसवली. पुढे आलेख काढणारा भाग मात्र शून्यापासून मोजत तिसऱ्या जागेवरचा तो दोन, असं धरून चालला. जुन्या संगणकात काउंटर मोजकेच होते, दहापर्यंत गाडी कधी गेलीच नव्हती, म्हणून चूक इतके दिवस झाकून राहिली.

तिने नावाच्या शेवटी येणारा आकडा अक्षरांसारखा न वाचता पूर्ण नंबर म्हणून वाचायला सांगितलं. दोन दोनच्या जागी आला, दहा मागे गेला आणि घाम ज्याचा त्याच्या नावावर लागला.

"मी म्हटलंच होतंय, देवळाशी संबंध आसा," गुणाजी म्हणाला.

त्याने सवयीने स्वयंपाकघराकडे बघितलं. प्रत्येक तपास तो तिथे जाऊन सुगंधाला सांगायचा.

दिवेलागणीला साहेबाचं उत्तर आलं. बरोबर आहे, तिथूनच काम चालू ठेवा.

रूपाली मागे वळली तर दारात बॅग उभी. आत कपडे जसेच्या तसे.

"गावली," गुणाजी म्हणाला. "चोरान आपणहून आणून ठेवल्यान. घाबारलो असतलो."

"आणि चोर कोण?"

"पुरावो नाय."

रिकामी वाटी न्यायला आलेली रोझा त्याच्याकडे बघत राहिली. "पुरावो नाय कसो? चोराच्या डोक्यार माळ्यावरचा जाळा आसा."

गुणाजीने हात वर नेला आणि तसाच खाली आणला. रूपालीने बापाच्या केसांतलं जाळं काढलं, बॅग उचलली आणि परत माळ्यावर ठेवायला त्याच्याच हातात दिली.