भिंतीवरचे वामनराव

तृप्तीच्या साखरपुड्याला एक दिवस उरला असताना, तिचे वडील वामनराव गेल्याची बातमी निंबोल्याला तिच्या होणाऱ्या सासरी पोचली. वामनराव त्या वेळी बऱ्हाणपुरात स्वतःच्या दाराला केळीचे खांब बांधत होते.

दोष म्हटला तर भिंतीचा. गल्लीतल्या पोरांनी शाळेच्या भिंतीवर गावची माणसं रंगवली होती. माव्याची जिलबी तळणारा हलवाई, विणकर, आणि चाळीस वर्षं गणित शिकवून सगळ्या जातीधर्मांना सारखंच रडवणारे वामनराव मास्तर. सकाळी उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यांनी मोठेपणा दाखवत आपल्या गळ्यातला हार काढला आणि मास्तरांच्या चित्राला घातला. चित्र काढणाऱ्या मोहितनं त्याचा फोटो हात जोडल्याच्या खुणेसकट चौफेर पाठवला.

दुपारी व्याही गिरधररावांचा फोन आला. तो वामनरावांच्या बायकोनं, शोभाताईंनी घेतला.

"वहिनी, फार वाईट झालं. आता सुतक आलं. साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर पाहू. अन् आई म्हनते, पोरीचा पायगुण..."

वामनरावांनी फोन हिसकावला. "अहो, मी वामन बोलतोय!"

"कोन, धाकले भाऊ का? आवाज बिलकुल मास्तरांचा आहे हो!" गिरधररावांना हुंदका आला आणि फोन बंद झाला.

शोभाताईंनी कपाळावर हात मारला. "आता सोता जाऊन दाखवा. अन् पहिले ते पांढरं धोतर बदला."

मोहितच्या गाडीवर बसून वामनराव निघाले. "काका, टेन्शन नका घेऊ, मी सबको समजावून सांगतो ना," मोहित म्हणाला.

"तू गाडी चालव."

निंबोल्याला अंगणात माणसं माना खाली घालून बसली होती. गिरधरराव सांगत होते, "देवमानूस होता. असा सोयरा भेटनार नाही." वामनराव दाराआड जरा थांबले. आपल्याबद्दल इतकं चांगलं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. मग तृप्तीचा चेहरा आठवला आणि ते आत शिरले.

"राम राम!"

गिरधररावांच्या हातातला पेला पडला. दोघं जण मागच्या दारानं पसार झाले. जागची हलली नाही ती एकटी मालूबाई, गिरधररावांची आई. त्या घरात शेवटचा शब्द तिचाच. तिनं वामनरावांना जोरात चिमटा काढला, मग वाकून त्यांचे पाय न्याहाळले.

"पाय सरळ हायेत," तिनं जाहीर केलं. "अन् मेल्याची खोटी बातमी फिरली का मानसाचं आयुष्य वाढते. भाग्याची पोरगी हाय. साखरपुडा उद्याच होईल."

वामनरावांचा जीव भांड्यात पडला.

"पन एक अट हाय." मालूबाई मोहितकडे वळली. "तू काढतो ना चित्रं? माहं बी काढ. अन् हार बी घाल."

"आई!" गिरधरराव ओरडले. "गाव रडत येईल ना इथं!"

"येऊ दे," मालूबाई म्हणाली. "कोन कोन येत नाही, तेवढंच पाहाचं हाय मले."